टीएलचा फुल फॉर्म

कोपरखैरण्याच्या आमच्या सोसायटीत कुणाचाही रिपोर्ट आला, की तो डॉक्टरांच्या आधी माझ्याकडे येतो. मी डॉक्टर नाही, नर्स नाही, साधी केमिस्टही नाही. महापेच्या एका ऑफिसात कानाला हेडफोन लावून मी अमेरिकेतल्या डॉक्टरांचं बोलणं टाइप करायचे. आता मशीन टाइप करतं आणि मी त्याच्या चुका काढते. दुसऱ्याच्या चुका काढण्याचा पगार मिळणारी घरात तू एकटीच, असं माझा भाऊ म्हणतो. पण इतकी वर्षं परक्यांचे आजार ऐकल्यामुळे कुठल्या अक्षरांमागे काय दडलंय ते मला कळतं, आणि ही बातमी तळमजल्यापासून गच्चीपर्यंत पोचायला वेळ लागला नाही.

दुसऱ्या मजल्यावरच्या काकू एकदा एक्स-रेचं मोठं पाकीट घेऊन आल्या आणि सोफ्यावर बसून रडायलाच लागल्या. कागदाच्या शेवटी तीन अक्षरं होती, एन ए डी. "वाईटच असणार काहीतरी," त्या म्हणाल्या, "खाली रेघ पण मारलीय बघ." मी म्हटलं, "काकू, याचा अर्थ तपासणीत काही सापडलं नाही." त्यांनी डोळे पुसले, पाकीट मांडीवर ठेवलं आणि जरा नाराजीनंच विचारलं, "मग मला खोकला का येतो?"

डॉक्टर लोक अक्षरांत लिहितात ते काही कुणाला घाबरवायला नाही. बाहेर रांग लागलेली असते, हात दुखतो, आणि ब्लड प्रेशर, डायबेटिस हे शब्द रोज किती वेळा लिहायचे? एचटीएन, डीएम लिहिलं की काम झालं. माझी त्यावर तक्रार नाही. पण ज्याचा आजार असतो तो माणूस ती अक्षरं घेऊन घरी येतो आणि उशाशी ठेवून झोपतो, तेव्हा ती फार मोठी होतात.

आमच्या ऑफिसात यासाठी एक नियम होता. ट्रेनिंगमध्ये तो इतक्या वेळा घोकून घेतला होता, की आजही मला झोपेतून उठवून विचारावं. मधल्या मजकुरात डॉक्टर बोलेल ते संक्षेप चालतील. पण निदान आणि ऑपरेशनचं नाव, या दोन रकान्यांत संक्षेप चालायचा नाही. डॉक्टरने घाईत दोन अक्षरं उच्चारली असली तरी आपण शोधून पूर्ण शब्द लिहायचा. एकाच अक्षरांचे वेगवेगळ्या खात्यांत वेगळे अर्थ असतात, आणि इतर ठिकाणी चूक झाली तर ओरडा बसतो, इथे झाली तर माणूस जातो.

नवीन नोकरीच्या उत्साहात हा नियम मी घरी बाबांना सांगितला होता. ते खूश झाले. "बरोबर आहे. आमच्याकडे पण कागदावर मालाचं वर्णन पूर्ण लागतं. तिथे शॉर्टकट मारला की कंटेनर अडकलाच."

बाबा न्हावा शेव्याला एका क्लिअरिंग एजंटकडे नोकरीला होते. परदेशातून आलेला माल कस्टममधून सोडवून द्यायचा, हे त्यांचं काम. त्यामुळे आमच्या घरात अक्षरांचा पूर होता. "डीओ निघाली का? बीई कुठे अडकली? सीएफएसला गाडी लावा." हे सगळं फोनवर, आणि अशा आवाजात, की शेजारच्यांना आपोआप कळायचं आज कुठल्या बोटीतून काय उतरलंय. धक्क्यावर ट्रेलरच्या आवाजात ओरडायची सवय, ती घरी आल्यावर सुटायची नाही. आई म्हणायची, "ह्यास्नी फोन कशाला लागतो, खिडकी उघडली तरी पुरं हाय."

जेवताना आमची परीक्षा असायची. ताटात भाकरी पडली की बाबा विचारायचे, "सीएफएसचा फुल फॉर्म?" मी आणि भाऊ चढाओढीने ओरडायचो, "कंटेनर फ्रेट स्टेशन!" मग एटीएम, मग पिनकोडमधला पिन. नुसतं सांगून भागायचं नाही. शब्द तोडून, एकेक तुकडा स्पष्ट म्हणायला लागायचा. "अक्षरं पाठ करून काय उपयोग? आत काय माल आहे ते माहीत पाहिजे," असं म्हणत ते आमच्या ताटात शेंगदाण्याची चटणी वाढायचे. गंमत म्हणजे त्यांची स्वतःची सही दोन अक्षरांची होती. दिवसभर शेकड्यानं कागदांवर सह्या करायच्या, पूर्ण नाव लिहीत बसायला वेळ कुणाला? शाळेच्या प्रगतिपुस्तकावरसुद्धा तीच दोन अक्षरं, त्यांना शेपटी.

आणि एक गोष्ट ते हसत हसत सांगायचे. माल अडकला, दंड लागणार, असं काही झालं आणि मालाची पार्टी समोर बसलेली असली, की ते आणि त्यांचा जोडीदार एकमेकांशी फक्त अक्षरांत बोलायचे. "पार्टीला कळलं की पार्टी घाबरते. चहा पाजायचा आणि अक्षरांत बोलायचं." आम्हालाही तेव्हा हसू यायचं.

त्यांचा आवाज बसला तो त्यांच्या निवृत्तीनंतर. सिगरेट सोडून बरीच वर्षं झाली होती, म्हणून तिकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. ज्येष्ठमध झालं, हळद-दूध झालं, गुळण्या झाल्या. मी प्रत्येक फोनवर कटकट करायचे, "घशाच्या डॉक्टरला दाखवा." ते घोगऱ्या आवाजात म्हणायचे, "इतकी वर्षं ओरडलोय, आता घासला असेल." शेवटी भाऊ त्यांना पनवेलला घेऊन गेला. दुर्बीण झाली, तुकडा तपासायला गेला.

रिपोर्टचा फोटो भावाने मला मोबाइलवर पाठवला तेव्हा मी ऑफिसातच होते. खाली त्याने लिहिलं होतं, 'ताई, हे बघ ना.' निदानाच्या रकान्यातला तो शब्द मी इतक्या वेळा टाइप केला होता, की माझी बोटं तो न बघता लिहायची. दुसऱ्या देशातल्या, कधी न पाहिलेल्या माणसांसाठी लिहायची. त्या दिवशी मी तो पहिल्यांदा नुसता वाचला, आणि नावाच्या जागी माझ्या बाबांचं नाव होतं. मी हेडफोन काढला, पँट्रीत गेले आणि तिथल्या सिंकपाशी उभी राहून खूप रडले.

मोठ्या हॉस्पिटलात आम्ही सगळे गेलो. आई-बाबा बाहेर बाकावर बसले, आणि भाऊ आणि मी फाइल घेऊन आत. आजार बाबांचा, मग बाबाच बाहेर का, हा प्रश्न तेव्हा कुणाला पडला नाही. आपल्याकडे असंच करतात. सर्जन शांत माणूस होता. त्याने सांगितलं, आजार स्वरयंत्रात आहे, पसरलेला नाही, आणि दोन रस्ते आहेत. एक टीएल. म्हणजे स्वरयंत्र पूर्ण काढायचं. श्वासासाठी गळ्याला कायमचं छिद्र राहील, आवाज जाईल. नंतर लहानशी झडप बसवून बोलता येतं, पण तो आवाज वेगळा. दुसरा रस्ता रेडिएशन आणि केमोचा. त्यात आवाज बऱ्यापैकी राहू शकतो, पण आजार उलटला तर शेवटी तेच ऑपरेशन, आणि ते तेव्हा जास्त अवघड.

"निर्णय त्यांचा आहे," सर्जन म्हणाला. "पुढच्या सोमवारी त्यांना आत घेऊन या. त्यांना माहीत असलं पाहिजे. सही त्यांचीच लागेल."

भावाने यातलं शेवटचं वाक्य तेवढं धरलं. बाहेर पडताना तो म्हणाला, "टीएलच करू. मुळापासून जाऊ दे. त्यांना सांगू, गाठ काढायचीय, थोडे दिवस बोलायचं नाही. सही काय, करतील ते."

"आणि शुद्धीवर आल्यावर?"

"तेव्हाचं तेव्हा बघू. ताई, आत्ता टेन्शन नको देऊस त्यांना. हातपाय गाळतील."

संध्याकाळी खांदेश्वरला आई-बाबांच्या घरी आईने मला स्वयंपाकघरात घेतलं. माझं मनगट तिने इतकं घट्ट धरलं, की बांगडी रुतली. "त्यास्नी त्या आजाराचं नाव सांगू नगंस. माझ्या भावाला सांगितलं आन् त्यानं त्याच दिशी अंथरूण धरलं. माझी शपथ हाय तुला." मी तापट आहे, कुणालाही फाडकन उत्तर देते. पण आई माझं मनगट सोडत नव्हती. मी मान हलवली.

तो आठवडा मी तिथेच राहिले, आणि सुरू झालं ते अक्षरांचं बोलणं. बाबा हॉलमध्ये टीव्हीसमोर, आणि आम्ही त्यांच्याच मागे डायनिंग टेबलावर. "सीएचं इन्शुरन्सला कळवलं का?" "टीएलला किती दिवस ॲडमिट?" "सीटीआरटीचं काही बोलायचंच नाही." सीटीआरटी म्हणजे तो केमो-रेडिएशनचा दुसरा रस्ता. माझ्याकडून भावाला शब्द मिळत होते आणि तो ते रुबाबात वापरत होता. आईसुद्धा शिकली. तिला इंग्रजी अक्षरं येत नाहीत, म्हणून ती म्हणायची, "ते दोन अक्षराचं करायचं ठरलं न्हवं?" बाबा टीव्हीचा आवाज वाढवायचे. आम्हाला वाटायचं, त्यांना आमचा त्रास होतोय. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे आईनेच मला लहानपणी शिकवलेलं. पण टोपलीवर आम्ही तिघंही बसलो होतो.

त्या आठवड्यातल्या माझ्या सुट्टीच्या दिवशी दुपार कलल्यावर बाबा म्हणाले, "चल, तळ्यापर्यंत जाऊन येऊ." खांदेश्वराच्या देवळाजवळच्या तळ्यावर ते रोज फिरायला जातात. आम्ही एक फेरी मारली. पाण्याकडेला काही मुलं चपला काढून बसली होती. बाबा कठड्यावर टेकले, मला बसायला रुमाल पसरून दिला आणि म्हणाले, "तुला आठवतं, मी सांगायचो? पार्टी समोर बसली की आम्ही अक्षरांत बोलायचो."

"आठवतं."

"तेव्हा मला वाटायचं, पार्टीला काही कळत नाही." त्यांचा आवाज मधूनच तुटत होता, पुढचे शब्द नुसत्या हवेत येत होते. "तसं नसतं गं. पार्टीला सगळं कळतं. फक्त काय कळलं ते कळत नाही. रात्रंदिवस तेच डोक्यात. आता पार्टी मी आहे."

मी रुमालाची दुमडलेली कड सरळ करत राहिले.

त्यांनी घसा खाकरला आणि अगदी जेवणाच्या ताटावर विचारायचे तसं विचारलं, "टीएलचा फुल फॉर्म?"

आईची शपथ होती. भावाची काळजी खोटी नव्हती. आईच्या भावाने खरंच अंथरूण धरलं होतं, तेही मी पाहिलं होतं. पण समोर बसलेल्या माणसाचा गळा कापायचा होता, आणि त्या गळ्याच्या मालकाला आम्ही चहा पाजून अक्षरांत बोलत होतो. ज्यांना मी कधी पाहिलं नाही, त्यांच्यासाठी पूर्ण शब्द शोधायला मी अख्खी शिफ्ट घातली होती. माझ्या बापासाठी दोन अक्षरं पुरे? मला स्वतःचाच राग आला, आणि राग आला की मला बोलता येतं.

"टोटल लॅरिंजेक्टॉमी," मी म्हटलं.

"आणि सीए?"

"कार्सिनोमा. कॅन्सर, बाबा. स्वरयंत्राचा. पसरलेला नाही."

मग मी सगळंच सांगितलं. छिद्र, श्वास, झडप, दुसरा रस्ता, त्यातला धोका. ते मधेमधे प्रश्न विचारत होते. जेवता येईल का? येईल. आंघोळ? गळ्यात पाणी जाणार नाही असं जपून. हाक मारता येईल का? मी म्हटलं, "लांबून नाही."

त्यावर त्यांनी पायाजवळचा एक खडा उचलून पाण्यात टाकला. मग विचारलं, "तू असतीस तर काय केलं असतंस?"

"मला विचारू नका. मला तुम्ही पण पाहिजे आणि तुमचा आवाज पण पाहिजे." आणि तिथे, त्या मुलांसमोर, मी रडले. त्यांनी माझ्या पाठीवर थोपटलं आणि म्हणाले, "उठ, रुमाल दे माझा. डोळ्याला पण तोच लागेल तुला."

हातपाय गाळले नाहीत त्यांनी. पण खोटं कशाला सांगू, परत येताना ते दोनदा थांबले, आणि एकदा तर दुकानाच्या पायरीवर बसून राहिले. भीती वाटत होती त्यांना, आणि ती त्यांनी लपवली नाही. मीच उगाच पाण्याची बाटली घेऊन आले.

घरी आई परातीत पीठ मळत होती. बाबा स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. "ते दोन अक्षराचं झाल्यावर भाकरी खाता येणार आहे मला," ते म्हणाले. "विचारून घेतलंय मी." आईचे हात पिठातच थांबले. तिने माझ्याकडे पाहिलं, ते अजून मला आठवतं. मग ती पदर न घेता, पिठाच्या हातांनीच तोंड झाकून रडली. त्या रात्री ती माझ्याशी बोलली नाही. पण टीव्ही बंद होता आणि ती दोघं गॅलरीत बसून हळू आवाजात बोलत होती. किती दिवसांनी, कोण जाणे.

निर्णय त्यांनीच घेतला, आणि तो माझ्या मनासारखा नव्हता. मला वाटलं होतं, ते आवाज वाचवतील. ते म्हणाले, "परत परत त्या रांगेत नाही बसायचं मला. एकदाच काय ते होऊ दे." भाऊ मला बाजूला घेऊन म्हणाला, "बघ, शेवटी तेच झालं ना? उगाच सांगितलंस." मी त्याला म्हटलं, "तेच नाही झालं." त्याला ते पटलं की नाही, माहीत नाही. पण त्यानंतर तो बाबांसमोर अक्षरांत बोलला नाही.

सोमवारपर्यंतचे दिवस बाबा बोलत सुटले. गावाकडे फोन, जुन्या जोडीदाराला फोन, लांबच्या पुतण्यांना फोन. ज्यांची विचारपूस कधी केली नव्हती त्यांनाही. कुणालाच काही सांगितलं नाही, नुसत्या गप्पा. पाऊसपाणी, म्हैस, धक्क्यावरचे किस्से. समोरच्याला निम्मं ऐकू यायचं नाही. आई म्हणायची, "आवो, घसा दुखंल." ते म्हणायचे, "दुखू दे की. आता कशाला जपून ठेवायचाय?" खिडकीतून खाली भाजीवाल्याला त्यांनी हाक मारली, ती पोचली नाही. पुन्हा मारली. आई मग त्यांच्याशेजारी जाऊन उभी राहिली आणि त्या दोघांनी मिळून हाक मारली.

आज ते गळ्यावर बोट दाबून बोलतात, आणि फोनवर नवख्या माणसाला वाटतं की मशीन बोलतंय. त्याची आता आम्हाला सवय झाली आहे. माझ्या कानात राहिलंय ते त्या सोमवारचं.

सर्जनने त्यांना सगळं पुन्हा समजावून सांगितलं. बाबांनी ऐकून घेतलं. मग शेजारच्या टेबलावर हाताखालची एक तरुण डॉक्टर संमतीचा कागद भरायला बसली. बाहेर तीच ती रांग. तिने भराभरा लिहिलं, फुली मारली आणि पेन पुढे केलं. "काका, इथे सही."

बाबांनी चष्मा लावला. कागद वरून खाली वाचला. "इथे टीएल लिहिलंय."

"हो काका, तेच ऑपरेशन. तुम्हाला सांगितलंय ना सरांनी?"

"सांगितलंय. पूर्ण लिहा."

"सगळ्यांना कळतं हो ते, काका."

"मला पण कळतं," बाबा म्हणाले. "म्हणूनच म्हणतो, पूर्ण लिहा. मग सही करतो."

तिने माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. तिने दोन अक्षरांवर काट मारली आणि वर पूर्ण शब्द लिहिले. बाबांनी कागद जवळ ओढला, शब्दाखाली बोट ठेवलं आणि मोठ्यांदा वाचायला लागले, आम्हाला ताटावर बसवून म्हणायला लावायचे तसं, तोडून. "टोटल. लॅ. रिं." तिथे आवाज फाटला. त्यांनी हातानेच थांबा अशी खूण केली, खाकरले आणि परत पहिल्यापासून सुरू केलं. "टोटल. लॅ. रिं. जेक. टॉ. मी." सर्जन हातातलं काम थांबवून ऐकत होता.

मग त्यांनी पेन घेतलं. आयुष्यभर कागदांवर दोन अक्षरं ओढणाऱ्या माझ्या बाबांनी त्या ओळीवर स्वतःचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव, सगळं सावकाश लिहिलं.